स्वस्तातला बास ट्रॉम्बोन घेताना: आधी स्लाइड तपासा, नाव नंतर बघा

बास ट्रॉम्बोन म्हणजे लांबीनं मोठा ट्रॉम्बोन, असा पुष्कळांचा समज असतो. तो खरा नाही. टेनर, म्हणजे नेहमीचा ट्रॉम्बोन, आणि आजचा बास, दोन्हींची नळी साधारण नऊ फूट लांब असते आणि दोन्ही बी फ्लॅटमध्येच लागतात. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर दोन्ही काळी पाचचे. फरक जाडीत आणि नळीला जोडलेल्या व्हॉल्व्हमध्ये असतो. हे आधी कळलं नाही, तर जाहिरातीत ‘बास’ असं वाचून भलतंच वाद्य घरी येतं.

म्हणून आधी मापं लक्षात ठेवा. बास ट्रॉम्बोनच्या स्लाइडच्या, म्हणजे पुढे-मागे सरकवायच्या भागाच्या, आतल्या नळीचा पोकळ व्यास, म्हणजे बोअर, 0.562 इंच असतो, म्हणजे जवळजवळ 14.3 मिमी. मोठ्या टेनरचा बोअर 0.547 इंच आणि विद्यार्थी टेनरचा बहुतेक वेळा 0.500 इंच. बासचा कर्णा साडेनऊ इंचांपासून, म्हणजे 241 मिमीपासून, साडेदहा इंचांपर्यंत रुंद असतो, तर टेनरचा आठ ते साडेआठ इंच. विक्रेत्याला बोअर सांगता येत नसेल तर त्याला कर्ण्यावर टेप आडवी धरून फोटो पाठवायला सांगा. साडेआठ इंच भरला, तर एक व्हॉल्व्ह असलेला मोठा टेनर बास म्हणून खपवला जातोय असं धरून चाला.

दुसरी फसगत ब्रिटनमधल्या जुन्या मालात होते. तिथल्या ब्रास बँडमध्ये विसाव्या शतकात बराच काळ जीमधला बास ट्रॉम्बोन वाजवत. त्याची स्लाइड इतकी लांब की शेवटच्या पोझिशनला, म्हणजे स्लाइड थांबवायच्या ठरलेल्या जागांपैकी सगळ्यात लांबच्या जागी, हात पोचावा म्हणून तिला लाकडी मुठीचा दांडा लावलेला असे. ही वाद्यं आजही फारच स्वस्तात विकायला येतात. भिंतीवर टांगायला उत्तम. पण नळी बारीक, सूर वेगळा, आणि कित्येक तर आजच्या ए=440 या प्रमाण सुरापेक्षा वरच्या पट्टीत बांधलेले. शिकायला हा घेऊ नका.

एक व्हॉल्व्ह की दोन?

बजेटचा अर्धा निर्णय इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर.

व्हॉल्व्ह न दाबता साध्या स्लाइडवर सातव्या पोझिशनपर्यंत गेलं की खालचा ई मिळतो. त्याखाली थेट पेडल बी फ्लॅट, म्हणजे नळीचा सगळ्यात खालचा मूळ सूर. मधले ई फ्लॅट, डी, डी फ्लॅट, सी आणि बी हे पाच सूर गायब असतात. अंगठ्याच्या ट्रिगरनं चालणारा एफ व्हॉल्व्ह नऊ फुटांच्या नळीत आणखी तीन फुटांची भर घालतो आणि अख्खं वाद्य एफमध्ये, म्हणजे पांढरी चारमध्ये, उतरतं. आता गंमत अशी की नळी लांबली की प्रत्येक पोझिशनमधलं अंतरही त्याच प्रमाणात वाढतं, पण स्लाइड मात्र तेवढीच राहते. त्यामुळे सातऐवजी सहाच पोझिशन उरतात. सी कसाबसा स्लाइडच्या टोकाला लागतो आणि त्याखालचा बी, म्हणजे पांढरी सात, स्लाइडच्या बाहेरच राहतो.

दुसरा व्हॉल्व्ह जन्माला आला तो या एका सुरासाठी. संगीतकार बार्टोकच्या 1943 च्या ‘कॉन्चेर्टो फॉर ऑर्केस्ट्रा’मध्ये चौथ्या भागात बास ट्रॉम्बोनला नेमक्या या बीपासून वरच्या एफपर्यंत घसरत जायचं आहे. एका व्हॉल्व्हच्या आजच्या बी फ्लॅट वाद्यावर ते सरळ होतच नाही.

दोन व्हॉल्व्हच्या मांडणीचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात दुसरा व्हॉल्व्ह एफच्या नळीवरच बसवलेला असतो. एफ दाबल्याशिवाय त्याचा काहीच परिणाम होत नाही. याला डिपेंडंट म्हणतात. काही जुन्या वाद्यांत दोन्ही मिळून ई फ्लॅट लागतो, नव्यांत बहुधा डी. दुसऱ्या प्रकारात दोन्ही व्हॉल्व्ह मुख्य नळीवर एकामागे एक असतात. एकटा पहिला दाबला तर एफ, एकटा दुसरा दाबला तर जी फ्लॅट आणि दोन्ही मिळून डी. हा इंडिपेंडंट.

हिशेब सोपा आहे. तीन फूट आणि जवळजवळ सव्वादोन फूट नऊमध्ये मिळवले की सव्वाचौदा फूट होतात, आणि डीला लागते तीच लांबी.

इंडिपेंडंट सोयीचा खरा. एकट्या जी फ्लॅट व्हॉल्व्हमुळे खालचे काही सूर हात फार लांब न नेता मिळतात आणि जलद तुकड्यांत श्रम वाचतात. पण नवशिक्याला पहिल्या दोन वर्षांत त्याचा उपयोग थोडाच होतो. सुस्थितीतला डिपेंडंट आणि झिजलेला इंडिपेंडंट एकाच भावात मिळत असतील, तर निःशंक डिपेंडंट घ्या. लोक तो ‘जुन्या पद्धतीचा’ म्हणून टाळतात, आणि त्यामुळेच तो स्वस्तात मिळतो.

आणि एकच व्हॉल्व्ह असलेला? चर्चमधला ब्रास गट, शाळा-कॉलेजचं विंड बँड, लष्करी धाटणीचं बँड, सुरुवातीचा ऑर्केस्ट्रा सराव, एवढ्याला तो पुरतो. एफची ट्यूनिंग स्लाइड, म्हणजे सूर जुळवायला आत-बाहेर करायची छोटी नळी, बरीच बाहेर ओढून तो ईमध्ये नेता येतो आणि एखाद-दुसरा बी तेवढ्यापुरता निभावतो. मात्र जॅझ बिग बँडमध्ये शेवटच्या ट्रॉम्बोनच्या खुर्चीवर बसायचं असेल, तर दुसऱ्या व्हॉल्व्हशिवाय जाऊ नका. तिथे खालचे सूर पाहुण्यासारखे येत नाहीत, ते मुक्कामालाच असतात.

पैसे कुठे घालायचे

बाजाराचे ढोबळ तीन थर आहेत. चिनी बनावटीचा, दोन व्हॉल्व्हचा नवा बास साधारण 1,000 ते 1,800 डॉलरमध्ये येतो. नामांकित कंपन्यांचा व्यावसायिक दर्जाचा नवा बास 5,000 डॉलरच्या पुढे जातो. या दोन्हींच्या मधे सेकंडहँडचा मोठा पट्टा आहे, आणि शहाणपणाची खरेदी बहुतेकदा तिथेच होते.

सेकंडहँडमध्ये शोधण्यासारखी काही नावं. एका व्हॉल्व्हमध्ये यामाहा वायबीएल-321 आणि वायबीएल-421जी. दोन्हींना 14.3 मिमी बोअर आणि साडेनऊ इंची कर्णा आहे. 421जीचा कर्णा गोल्ड ब्रासचा असतो. बाख 50बी हाही एकाच व्हॉल्व्हचा. दोन व्हॉल्व्हमध्ये बाख 50बी2 डिपेंडंट आणि 50बी3 इंडिपेंडंट. कॉनचा 62एच डिपेंडंट. होल्टनचा टीआर-180 डिपेंडंट, टीआर-181 इंडिपेंडंट. यामाहाचा वायबीएल-620जी इंडिपेंडंट आहे, आणि पहिलं-शेवटचं एकच वाद्य घ्यायचं ठरवलं असेल तर तो मधल्या थरातला भरवशाचा पर्याय ठरतो.

चिनी मालाबद्दल सरसकट नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्यातले बरेचसे जपानी-अमेरिकन नमुन्यांवर बेतलेले असतात आणि वाजतातही बरे. अडचण अशी की एकाच कारखान्यातून, एकाच नमुन्याचे दोन नग वेगळे निघू शकतात. एकाची स्लाइड लोण्यासारखी, दुसऱ्याची वाळूत चालल्यासारखी. म्हणून दारात आणून टाकणाऱ्या निनावी विक्रेत्यापेक्षा असा दुकानदार निवडा जो पाठवण्यापूर्वी स्लाइड आणि व्हॉल्व्ह तंत्रज्ञाकडून बघून घेतो आणि परत घेण्याची मुदत देतो. दोनशे डॉलर जास्त पडले तरी ते वाया जात नाहीत. दुरुस्तीच्या पहिल्याच फेरीत तेवढे वाचतात.

ठरवलेल्या रकमेतला पाचवा हिस्सा आधीच बाजूला काढा. माउथपीस, आतून साफसफाई, बंपर आणि कॉर्क, लागलंच तर स्लाइडची दुरुस्ती, सगळं त्यात भागवायचं. भारतात मागवणार असाल तर वाहतूक, विमा, कस्टम ड्यूटी आणि आयजीएसटी धरूनच भाव पडताळा. परदेशातला स्वस्त सौदा मुंबईच्या विमानतळावर उतरेपर्यंत स्वस्त राहतोच असं नाही.

स्लाइड

ट्रॉम्बोनमधला सगळ्यात नाजूक आणि दुरुस्तीला सगळ्यात महाग भाग हाच. कर्ण्यावरचे पोचे डोळ्यांत भरतात आणि भाव पाडायला उपयोगी पडतात, पण आवाजाचं फारसं बिघडवत नाहीत. स्लाइडवरचा तांदळाएवढा पोचा मात्र अख्खं वाद्य निकामी करतो. तपासणी या क्रमानं करा:

1. स्लाइड कर्ण्यापासून सोडवा. बाहेरची नळी काढून आतल्या दोन्ही नळ्या कोरड्या पुसा. खालच्या टोकाकडची दहा-बारा सेंटिमीटर नळी किंचित जाड असते, तिला स्टॉकिंग म्हणतात. सगळं घर्षण इथे होतं. इथला क्रोमचा मुलामा उडून पितळ दिसत असेल किंवा पापुद्रे निघत असतील, तर नळ्या बदलाव्या लागतील. सौदा तिथेच सोडा.

2. थोडं स्लाइड क्रीम लावून पाण्याचे दोन-चार थेंब टाका. आता आतली एकच नळी बाहेरच्या एका नळीत घालून वर-खाली करा, मग दुसरी. एकेकट्या सहज चालतात पण जोडीनं अडकतात, याचा अर्थ नळ्या समांतर राहिलेल्या नाहीत. हे चांगल्या कारागिराकडे दुरुस्त होतं. एकेकटीच अडकत असेल तर नळी वाकलेली आहे किंवा पोचा आहे, आणि खर्च वाढतो.

3. स्लाइड जोडा, उभी धरा, खाली हात ठेवून लॉक सोडा. बाहेरचा भाग स्वतःच्या वजनानं, मधे कुठेही न थबकता खाली यायला हवा. हात काढू नका. बाहेरचा भाग फरशीवर आपटला की तपासणी संपली आणि भांडण सुरू.

4. आता वरची दोन्ही तोंडं, माउथपीसचं आणि कर्ण्याकडचं, बोटांनी घट्ट बंद करून तेच पुन्हा करा. नळ्या हवाबंद असतील तर आत पोकळी तयार होते आणि बाहेरचा भाग रेंगाळत, सावकाश उतरतो. धपकन आला तर हवा गळतेय. मात्र निकाल देण्यापूर्वी खालच्या वळणावरची पाणी काढायची चावी बघा. तिथला कॉर्क कुजला असला तरी हेच घडतं, आणि तो बदलायला किरकोळ खर्च येतो.

खालच्या वळणावर आणि माउथपीस जिथे बसतं त्या नळीच्या आत टॉर्च मारून बघा. हिरवट थर म्हणजे साचलेला मळ, तो निघतो. गुलाबी-लालसर ठिपके आणि मधोमध काळसर टोक दिसलं तर पितळातलं जस्त झिरपून गेलेलं आहे आणि नुसतं तांबं उरलंय. याला रेड रॉट म्हणतात. ते आतून बाहेर येतं, पॉलिश करून जात नाही. एक-दोन ठिपके असतील तर भाव पाडून घ्या, पसरलेले असतील तर घेऊ नका. मुंबई, कोकण, गोवा या दमट पट्ट्यात वर्षानुवर्षं पेटीत ओलाच ठेवलेला ट्रॉम्बोन असेल तर हे हमखास बघा. बाहेरच्या नळ्या जर्मन सिल्व्हरच्या असतील तर त्या याला जास्त दाद देत नाहीत.

व्हॉल्व्ह

स्वस्तात घेताना साधा रोटरी व्हॉल्व्ह असलेलाच घ्या. शंकूसारखा, हवा जवळजवळ सरळ जाऊ देणारा थेयर व्हॉल्व्ह वाजवायला मोकळा वाटतो, पण वापरलेल्या वाद्यात तो गळका किंवा चिकट झालेला असू शकतो. त्याला तेलपाणी सतत लागतं आणि तो नीट बसवणारा कारागीर सहजी सापडत नाही.

रोटरीची परीक्षा अशी. व्हॉल्व्हच्या ट्यूनिंग स्लाइडला ग्रीस लावून ती आत ढकला. ट्रिगर न दाबता ती तीन-चार सेंटिमीटर बाहेर ओढा, दहा सेकंद थांबा आणि मग ट्रिगर दाबा. ‘फट्’ असा आवाज आला तर आतली पोकळी टिकून होती, म्हणजे रोटर घट्ट आहे. काहीच आवाज आला नाही तर तो झिजलाय. दोन्ही व्हॉल्व्हवर हे करा. झिजलेल्या रोटरमुळे व्हॉल्व्हचेच नव्हे, साधे सूरही घुसमटल्यासारखे येतात. नवशिक्याला वाटतं आपलाच दम कमी पडतोय.

मग मागचं गोल झाकण उघडा. रोटरच्या टोकावर आणि भोवतीच्या चकतीवर खुणा असतात. ट्रिगर सोडलेला असताना आणि पूर्ण दाबलेला असताना खुणा जुळल्या पाहिजेत. जुळत नसतील तर घाबरू नका. बहुतेकदा थांबा देणारे रबरी बंपर झिजलेले असतात, आणि ते बदलणं स्वस्तातलं काम आहे. ट्रिगर दाबताना खडखड होत असेल तर सांधे सैल झालेत, तेही बसतात. पण रोटर बोटांनी धरून आजूबाजूला हलत असेल, तर तो मोठा खर्च.

ट्यूनिंग स्लाइड जाम झालेली असेल तर स्वतः जोर लावू नका. आडव्या पट्ट्यांचे डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, सुटतात, नळी पिळवटते. विक्रेता ‘जरा कोमट पाण्यात ठेवा, निघेल’ म्हणाला, तर त्यालाच काढून दाखवायला सांगा.

वाजवून बघताना

ट्यूनर सोबत ठेवा. सहाव्या पोझिशनमध्ये खालचा एफ वाजवा, मग पहिल्या पोझिशनमध्ये एफ व्हॉल्व्ह दाबून तोच सूर. दोन्ही जुळले पाहिजेत, आणि जुळवल्यावरही एफची ट्यूनिंग स्लाइड थोडी ओढायला जागा उरली पाहिजे. इंडिपेंडंट असेल तर पाचव्या पोझिशनचा जी फ्लॅट एकट्या दुसऱ्या व्हॉल्व्हशी ताडून बघा. दोन्ही मिळून लागणाऱ्या डीसाठी साध्या स्लाइडवर त्याच सप्तकातला जोड मिळत नाही, म्हणून दोन्ही दाबून पहिल्या पोझिशनमध्ये त्यावरचा ए वाजवा आणि तो दुसऱ्या पोझिशनच्या साध्या एशी जुळवा.

मग दोन्ही व्हॉल्व्ह दाबून डीपासून एकेक सूर खाली, बीपर्यंत. तो स्लाइडवर साधारण पाचव्या पोझिशनच्या आसपास मिळतो, ताणून सातव्याला जावं लागत नाही. नवशिक्याचे हे सूर जाडेभरडे येणारच, वाद्य त्याला जबाबदार नाही. बघायचं ते एवढंच की व्हॉल्व्ह दाबल्या-सोडल्यावर हवेचा रोध एकाएकी वाढतो का. शक्य असेल तर अनुभवी वादकाला सोबत न्या आणि तो वाजवत असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहा.

दहा मिनिटं वाद्य हातात धरूनही बघा. सगळा भार डाव्या हातावर येतो आणि दोन व्हॉल्व्हचं बास चांगलंच जड असतं. पंजा लहान असेल तर दुसऱ्या ट्रिगरपर्यंत बोट पोचतं का? मधल्या बोटाच्या ट्रिगरचा पत्रा कारागीर थोडा वाकवून देऊ शकतो. जुन्या काही वाद्यांत दोन्ही ट्रिगर अंगठ्यालाच शेजारी शेजारी असतात, ते मात्र सहजी बदलता येत नाही. मनगट दुखणाऱ्यांसाठी हाताचा पट्टा मिळतो, तो घेण्यात कमीपणा नाही.

माउथपीस

बासला मोठ्या शँकचं, म्हणजे नळीत बसणारी दांडी जाड असलेलं, माउथपीस लागतं. विद्यार्थी टेनरचं बारीक शँकचं माउथपीस त्यात डळमळत आत जातं. टेनरवर बाख 6½एएल, म्हणजे 25.4 मिमी कडा, अशी सवय असेल तर पहिली पायरी 1½जी, 27 मिमीची. थेट 1जी, म्हणजे 28 मिमी, किंवा त्याहून मोठं शिल्के 60 घेण्याचा मोह अनेकांना होतो, कारण खालचे सूर सुरुवातीला सोपे वाटतात. पण ओठांना अजून तो पसारा सांभाळता येत नाही. सूर उतरतो, मधलं सप्तक पोकळ होतं आणि अर्ध्या तासात ओठ थकतात. माउथपीस सेकंडहँड घ्यायला काहीच हरकत नाही. शँकचं टोक वाकलेलं नाही आणि कडेचा चांदीचा मुलामा उडालेला नाही, एवढं बघा. मुलामा उडालेल्या जागी उघडं पितळ ओठांना लागतं आणि काहींना त्याची खाज सुटते.

लांबून मागवताना

पैसे पाठवण्यापूर्वी मागायच्या गोष्टी: स्लाइड उभी धरून खाली सोडल्याचा व्हिडिओ, स्टॉकिंगचा जवळून फोटो, झाकण काढून रोटरच्या खुणांचा फोटो, पाणी काढायच्या चावीभोवतीचा फोटो आणि अनुक्रमांक. नुसता चमकणाऱ्या कर्ण्याचा फोटो पाठवून ‘एकदम नवा’ म्हणणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारा. लॅकर, म्हणजे पितळावरचा चकचकीत लेप, नव्यानं मारलेलं असेल तर त्यासाठी आधी पितळ घासलेलं असतं, आणि अशा वेळी भाव वाढायला नको, उतरायला हवा.

पाठवताना स्लाइड लॉक करून, कर्णा वेगळा, कर्ण्याच्या आत कापडाचा बोळा आणि पेटीला बाहेरून खोकं. पेटीत वाद्य हलत असेल तर रस्त्यात सगळ्यात आधी मार खातो तो स्लाइडचा खालचा गोल भाग. खोकं उघडताना व्हिडिओ काढून ठेवा, विम्याच्या दाव्याला तोच कामी येतो.

वाद्य हातात आल्यावर परतीची मुदत संपण्याआधी वरच्या सगळ्या तपासण्या एकदा स्वतः करा. मग ते कोमट पाण्यानं धुवा. गरम पाणी नको, लॅकर सुटतं. साबण सौम्य, नळीसाठी लवचीक ब्रश, आणि धुऊन झाल्यावर रोटरला त्याचंच तेल. पावसाळ्यात वाजवून झालं की पाणी पूर्ण काढा, स्लाइड पुसा आणि पेटीचं झाकण तासभर उघडं ठेवा.